औषधाला न जुमानणारी खाज

कुंडल येथे कलिकुंड पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन आम्ही झरी पार्श्वनाथांच्या डोंगराकडे निघालो होतो. सोबतचे स्नेही सांगलीच्या बाजारात हळदीचे अडते. चढताना ते वारंवार थांबत. धाप लागली म्हणून नव्हे, तर नडग्या खाजवण्यासाठी. अंगावर पुरळ नव्हते, गजकर्ण नव्हते. होते ते केवळ नखांचे ओरखडे. "वखारीतली धूळ, दुसरे काय!" एवढे बोलून त्यांनी विषय संपवला. वजन उतरले होते, ते दशलक्षण पर्वातील उपवासांच्या खात्यावर टाकले गेले. औषधाच्या दुकानातून आणलेले मलम चार महिने लावून झाले. अखेर मानेत गाठ लागली आणि तिचा तुकडा तपासल्यावर हॉजकिन लिंफोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, असे निदान झाले.

हा रोग योग्य उपचारांनी बहुतांशी बरा होतो. आमचे स्नेही आज पुन्हा गादीवर बसतात. परंतु ते चार महिने मला अजून खटकतात. या रोगात पुरळाविना सर्वांगाला सुटणारी खाज कधी कधी गाठ दिसण्याच्या कितीतरी आधी येते. सोबत रात्री दरदरून घाम आणि बारीक ताप असू शकतो. बँकेत हिशेब न लागणारी रक्कम 'सस्पेन्स' खात्यात टाकत. ती तेथे फार काळ राहू देणे मात्र मोठा दोष मानला जाई.

मान व काखेतील काळेपणाचेही असेच आहे. स्थूल वा मधुमेही व्यक्तीत तो सर्रास आढळतो. त्याने घाबरू नये. परंतु चाळिशी उलटलेल्या कृश माणसाची कातडी थोड्याच महिन्यांत काळवंडून जाड झाली, तळहात मखमलीसारखे खरबरीत झाले आणि भूक मंदावली, तर जठराची दुर्बिणीतून तपासणी आवश्यक ठरते. पापण्यांवर जांभळट सूज, बोटांच्या सांध्यांवर लालसर उंचवटे आणि सामायिकाहून उठताना मांड्यांत बळ न उरणे, ही लक्षणे एकत्र आली तर डॉक्टर स्नायूंच्या विकारासोबत आतल्या कर्करोगाचाही शोध घेतात. स्त्रियांमध्ये विशेषतः बीजांडकोशाचा. खाजेसोबत डोळे पिवळे, लघवी गडद व शौच पांढरट झाल्यास पित्तमार्ग अडलेला असतो. कारण पित्ताचा खडा असेल, क्वचित स्वादुपिंडातील गाठही असेल.

बेंबीतील कठीण गाठीला वैद्यकात सिस्टर मेरी जोसेफ यांचे नाव आहे. अमेरिकेत डॉ. विल्यम मेयो यांच्या शस्त्रक्रियांत त्या साहाय्य करीत. रुग्णाचे पोट स्वच्छ करताना ज्यांच्या बेंबीत अशी गाठ लागे, त्यांच्या पोटात कर्करोग पसरलेला निघतो, हे त्यांच्या ध्यानात आले. मेयो यांनी 1928 मध्ये ते लिहिले. सिस्टरांचे नाव त्या गाठीला मिळाले ते 1949 मध्ये.

बहुतेक खाज कोरड्या त्वचेची, खरजेची किंवा इसबाची असते. थायरॉईड, मूत्रपिंड वा रक्तातील लोहाची कमतरताही कारण असते. मात्र सहा आठवडे उलटूनही खाज थांबली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. रक्त, यकृत व मूत्रपिंडाच्या साध्या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे यांपासून शोध सुरू होतो. स्वतःच्या मनाने स्टिरॉईडयुक्त मलम लावू नये. त्याने त्वचेचे रूप बदलते व निदान अवघड होते. लावलेच असेल तर ती नळी डॉक्टरांना दाखवावी, आणि खाज केव्हा सुरू झाली, वजन किती उतरले, उपवास कोणत्या दिवसांत केले, हे कागदावर लिहून न्यावे.