व्हायलमधला सहावा डोस

क्यूबाच्या लशींचं प्रकरण या आठवड्यात घेणार होतो, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. कारण सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त परिचारिकाबाईंचं पत्र. त्या विचारतात, ‘कोविशील्डच्या व्हायलवर दहा डोस छापलेले असायचे, पण आमच्या केंद्रावर बऱ्याचदा अकरावा निघायचा. तो यायचा कुठून?’ बाई, या प्रश्नाच्या मागे मी बरीच वर्षं आहे. त्यामुळे आजचा सगळा लेख तुमच्या अकराव्या डोसचा.

हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची व्हायल होती ५ मिलिलिटरची, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरचे दहा डोस. पण कुठलाही लसउत्पादक लेबलवरच्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच भरतो. काही लस काचेला आणि रबरी बुचाला चिकटून राहते, काही सिरिंजमध्ये अडकते. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला तरी सुई जिथे सिरिंजवर बसते त्या पोकळीत थेंबभर उरतंच. तो थेंब सुईबरोबर कचऱ्यात जातो. एरवी त्याची कुणाला फिकीर नसते. २०२१मध्ये मात्र त्या थेंबावरून सरकारांचे हिशेब चुकले.

गेल्या लेखात फायझरच्या ज्या कोविड-लशीचा उणे सत्तर अंशांतला प्रवास पाहिला, तिचंच गणित घ्या. व्हायलमध्ये ०.४५ मिलिलिटर लस. तिच्यात १.८ मिलिलिटर सलाइन मिसळायचं, एकूण झालं २.२५. एक डोस ०.३चा आणि लेबलवर पाच डोस, म्हणजे दीड मिलिलिटर. पाऊण मिलिलिटर शिल्लक! डिसेंबर २०२०मध्ये लसीकरण सुरू होताच अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या फार्मासिस्टांच्या हे लक्षात आलं आणि तिथल्या औषध प्रशासनाने पूर्ण भरणारा जादा डोस वापरायला काही दिवसांतच मुभा दिली. ८ जानेवारी २०२१ला युरोपीय औषध संस्थेने तर व्हायल सहा डोसांची आहे असंच मान्य केलं. अट एक होती : सुई-सिरिंजमध्ये अडकणारी लस ०.०३५ मिलिलिटरपेक्षा जास्त नको.

ही अट का, ते करून बघा. सहा डोसांचे १.८, वर सहा वेळा ०.०३५. बेरीज २.०१, म्हणजे सहावा डोस आरामात निघतो. आता साध्या सिरिंजमध्ये ०.०७५ अडकतं असं धरा. बेरीज बरोबर २.२५. काचेला एक थेंबही चिकटून चालणार नाही, आणि तो चिकटतोच. मग सहावा डोस अपुरा भरतो आणि फेकावा लागतो. दोन व्हायलमधलं उरलंसुरलं एकत्र करायचं नाही, कारण या लशीत परिरक्षक नाही. एका बाटलीत जंतू शिरले असले तर दोन्ही वाया.

इथपर्यंत ही आनंदाचीच गोष्ट होती. पण करार झाले होते डोसांचे, व्हायलचे नव्हेत. लेबलवर पाचाचे सहा झाल्याबरोबर तेवढ्याच डोसांसाठी फायझरने कमी व्हायल पाठवल्या तरी चालणार होतं. स्वीडनने तर व्हायलमागे पाच डोसांचे पैसे द्यायचे की सहा, याचा खुलासा होईपर्यंत कंपनीची बिलं थांबवून धरली. कराराच्या भाषेत कंपनीचं बरोबर असेल, पण मला ते पटलेलं नाही. तो सहावा डोस सिरिंजवाल्यांनी आणि लस भरणाऱ्या हातांनी मिळवला होता. त्याचा फायदा देशांच्या पदरात पडायला हवा होता.

सगळ्यात जास्त अडचण झाली जपानची. ७ कोटी २० लाख लोकांसाठीची लस ठरलेली, पण देशात होत्या बहुतेक साध्या सिरिंजच. फेब्रुवारी २०२१मध्ये आरोग्यमंत्री तामुरा यांनी पाचच डोस निघतील असं सांगितलं आणि लस ६ कोटी लोकांपुरतीच होईल की काय, अशी चर्चा सुरू झाली. शेजारच्या दक्षिण कोरियात पूंगलिम फार्माटेक नावाची छोटी कंपनी नेमकी कमी पोकळीची सिरिंज बनवत होती. तिचं उत्पादन वाढवायला सॅमसंगने आपले तंत्रज्ञ दिले. लस शोधून काढण्याइतकंच हे कामही मला मोठं वाटतं.

आणि आपल्याकडे? बाई, तुमच्या हातात होती ती एकदाच वापरता येणारी एडी (ऑटो-डिसेबल) सिरिंज. तिची सुई सिरिंजलाच पक्की बसवलेली असते, त्यामुळे मधली पोकळी जवळजवळ नाहीच. ती सिरिंज पुन्हा वापरली जाऊ नये म्हणून आपल्या लसीकरणात आली होती. डोस वाचले हा तिचा जोडलाभ. केरळने त्याचं सोनं केलं. मे २०२१च्या सुरुवातीला मुख्यमंत्री विजयन यांनी आकडे दिले : केंद्राकडून आले ७३,३८,८०६ डोस, दिले गेले ७४,२६,१६४. म्हणजे ८७,३५८ माणसांना टोचलेली लस आवक-नोंदीत नव्हतीच. याचं श्रेय त्यांनी परिचारिकांना दिलं, आणि ते योग्यच होतं. नुसत्या सिरिंजने हे होत नाही. व्हायल उघडली की चार तासांत संपवायची, त्यासाठी दहा माणसं समोर हवीत, हवेचा बुडबुडा काढताना लस सांडायला नको. वाया जाणाऱ्या लशीसाठी सरकारने दहा टक्के धरलेच होते, तरी तेवढी लस वाया जाऊ द्यायची नाही हे त्या बायकांनी ठरवलं होतं.

आता क्यूबा. त्या देशाने लस स्वतःची बनवली, एक सोडून अनेक, पण ती टोचायला सिरिंज पुरेनात. परदेशातल्या मित्रमंडळांनी लाखोंनी सिरिंज गोळा करून तिकडे पाठवल्या. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करू.