बिंदू, रेषा आणि संगणक

धाराशिवहून तुळजापूर, तेथून नळदुर्ग आणि पुढे उमरगा असा रस्ता आहे. तुळजापूर व नळदुर्ग या दोन्ही गावांहून सोलापुरासही जाता येते. या पाच गावांसाठी कागदावर पाच बिंदू काढा आणि जेथे रस्ता असेल तेथे बिंदू रेषेने जोडा. पाच रेषा होतील. अशा आकृतीस गणितात आलेख म्हणतात. हा नकाशा नव्हे. यात अंतर व दिशा यांना महत्त्व नसते. कोण कोणाशी जोडलेले आहे, एवढेच पाहावयाचे असते. इ. स. १७३६ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने क्योनिग्सबर्ग शहरातील सात पुलांचे कोडे याच दृष्टीने सोडविले.

पाच बिंदूंची आकृती हाताने सहज काढता येते. पण पाचशे गावे असतील तर? रेषांचा गुंता होईल, आणि एक गाव वाढले तरी सारे चित्र पुसावे लागेल. हे काम संगणकावर सोपविता येते. त्यासाठी तयार आज्ञांचे संग्रह असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. ग्राफव्हिझ हे अशा साधनांपैकी एक असून ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९९१ च्या सुमारास आकारास येऊ लागले. त्याच्या भाषेत चित्र काढावयाचे नसते, केवळ संबंध लिहावयाचे असतात :

"धाराशिव" -- "तुळजापूर"
"तुळजापूर" -- "नळदुर्ग"
"तुळजापूर" -- "सोलापूर"
"नळदुर्ग" -- "सोलापूर"
"नळदुर्ग" -- "उमरगा"

बिंदू कोठे मांडावयाचे हे संगणक ठरवितो. एका रीतीत असे मानतात की, प्रत्येक रेषा ही जणू स्प्रिंग असून ती आपल्या दोन टोकांना जवळ ओढते, आणि सर्व बिंदू एकमेकांना दूर लोटतात. ही ओढाताण जेथे स्थिरावते, तेथे बिंदू मांडले जातात.

आता या आकृतीचा उपयोग पाहा. तुळजापूर-नळदुर्ग ही रेषा पुसली, तरी सोलापूरमार्गे जाता येते. परंतु नळदुर्ग-उमरगा ही रेषा पुसताच उमरगा एकटे पडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात उमरगा परिसरातील व शेजारच्या लातूर जिल्ह्यातील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. अशा वेळी मदत कोणत्या वाटेने पोहोचेल, हे आधीच ठाऊक असणे किती मोलाचे!

प्रत्यक्षात उमरग्यास लातूरकडूनही रस्ता येतो. म्हणून आणखी दोन ओळी लिहू :

"धाराशिव" -- "लातूर"
"लातूर" -- "उमरगा"

संगणक क्षणात नवे चित्र काढून देतो. आता कोणतीही एक रेषा पुसा. एकही गाव तुटत नाही. वहीत करून पाहा.

मात्र एक गोष्ट विसरू नये. आपण जे संबंध लिहितो, तेच संगणक रेखाटतो. लातूरचा रस्ता आपण लिहिला नव्हता, तोवर त्याच्या चित्रातही तो नव्हता. चित्र संगणकाने काढले, तरी ते खरे असण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याचीच असते.