चांदीच्या फटीत उजळणारे रेणू

पदार्थावर पडलेला प्रकाश विखुरतो, पण बहुतेक वेळा त्याचा रंग बदलत नाही. कोटीभर फोटॉनांमधला एखादाच रेणूच्या कंपनांना थोडी ऊर्जा देतो किंवा त्यांच्याकडून घेतो, आणि किंचित वेगळ्या रंगाचा होऊन बाहेर पडतो. 28 फेब्रुवारी 1928 रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी पकडला तो हाच बदललेला प्रकाश. प्रत्येक प्रकारच्या रेणूची कंपने वेगळी, म्हणून या प्रकाशावरून रेणू ओळखता येतो. पण हा संकेत कमालीचा क्षीण. पदार्थ लेशमात्र असेल, तर हाती काहीच लागत नाही.

1974 मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठात मार्टिन फ्लेशमन, पॅट्रिक हेंड्रा आणि जेम्स मॅक्विलन पिरिडीनचे रेणू चांदीच्या इलेक्ट्रोडवर बसवून तपासत होते. जास्त रेणू मावावेत म्हणून त्यांनी चांदी मुद्दाम खडबडीत केली होती. संकेत ठळक आला. जागा वाढली, रेणू वाढले, म्हणून संकेत वाढला, असा त्यांचा तर्क होता. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रिचर्ड व्हॅन डाइन आणि डेव्हिड जीनमेर यांनी याचा हिशेब मांडला, तर तो जुळेना. रेणू कितीही दाटीने बसवले तरी संकेत अपेक्षेच्या लाखो पटींनी मोठा होता. केंट विद्यापीठातले अल्ब्रेक्ट आणि क्रेटन हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले. वर्ष 1977. मला मूळ निरीक्षणाइतकाच हा हिशेब मोलाचा वाटतो, कारण वाढलेला संकेत पाहून समाधान न मानता तो नेमका किती वाढायला हवा होता, हे त्यांनी विचारले.

संकेत एवढा का वाढला, याचे उत्तर धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमध्ये होते. काही डझन नॅनोमीटर रुंदीच्या कणावर प्रकाश पडला की हे इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावे घेतात. झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळत गेला की तो चढत जातो, तसे योग्य रंगाच्या प्रकाशात हे हेलकावे वाढतात आणि कणालगतचे विद्युतक्षेत्र तीव्र होते. हे क्षेत्र रेणूवर पडणारा प्रकाश वाढवते, तसाच रेणूकडून परतणाराही. त्यामुळे रामन संकेत क्षेत्राच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो. क्षेत्र 30 पट झाले, तर संकेत आठ लाख पट! दोन कण जवळ आले आणि त्यांच्यात नॅनोमीटरभराची फट उरली, तर तिथे हे क्षेत्र सर्वात प्रखर असते. अशा जागांना संशोधक हॉटस्पॉट म्हणतात. 1997 मध्ये दोन गटांनी चांदीच्या कणांच्या मदतीने एकेकट्या रेणूचा संकेत टिपला.

हे कण बनवायला फार अवघड नाहीत. सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात सोडियम सायट्रेट घातले की थोड्या वेळात गडद लाल रंग उतरतो. त्यात मीठ पडले की कण एकमेकांना चिकटू लागतात आणि द्रावण निळसर होते. प्रयोगासाठी कण थोडेसे एकत्र आलेले हवे असतात, पण फार चिकटले तर ते तळाशी बसतात.

या तंत्राचा मला सर्वात भावलेला उपयोग चित्रकलेतला आहे. रेनुआरने 1883 मध्ये रंगवलेले मादाम लेआँ क्लापिसाँ यांचे व्यक्तिचित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. चौकट काढल्यावर तिच्याखाली झाकलेल्या कडेला तजेलदार लाल रंग सापडला. उरलेल्या पार्श्वभूमीवरचा तो रंग उजेडाने उडून गेला होता. असे सेंद्रिय लाल रंग लेझरखाली स्वतःच चमकतात आणि त्या चमकेत रामन संकेत बुडून जातो. चांदी इथे दोन कामे करते: संकेत वाढवते आणि ही चमकही विझवते. संग्रहालयातल्या फ्रान्चेस्का कसादिओ आणि व्हॅन डाइन यांच्या गटाला सूक्ष्म नमुन्यावरून कळले की तो कोचिनील किड्यांपासून बनवलेला कार्मिन आहे. त्या आधारे मूळ रंगांतले चित्र संगणकावर उभे राहिले आणि 2014 मध्ये मूळ चित्रासोबत लोकांना दाखवले गेले.

सोने की चांदी, हे कामावर ठरते. संकेत चांदी जास्त वाढवते, पण ती हवेत काळवंडते. सोने टिकते, पण हिरव्या प्रकाशात ते मागे पडते. लाल आणि त्यापलीकडच्या अवरक्त प्रकाशात त्याचे काम चांगले चालते. शरीराच्या ऊतींमधून नेमका हाच प्रकाश अधिक आत जातो, म्हणून वैद्यकीय संशोधनात सोन्याला पसंती मिळते.

खरी अडचण मोजमापाची आहे. एखादा रेणू फटीत आहे की फटीबाहेर, यावर संकेत हजारो पटींनी बदलतो. त्यामुळे पदार्थ आहे हे कळते, पण किती आहे हे छातीठोकपणे सांगता येत नाही. फळावरच्या कीटकनाशकाच्या किंवा रक्तातल्या औषधाच्या बाबतीत मात्र नेमके तेच हवे असते. म्हणून व्हॅन डाइन यांनी पुढे पॉलिस्टायरीनच्या अतिसूक्ष्म गोळ्यांचा एकसारखा थर मांडून त्यावर चांदीची वाफ बसवली, जेणेकरून कण आणि त्यांच्यातली अंतरे सगळीकडे जवळपास सारखी राहतील.