तांब्याची तार आणि काचेचा तंतू

चिक्कडपल्लीतील आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात दूरध्वनीची तांब्याची तार जाऊन काचेचा तंतू आला. इंटरनेटचा वेग वाढला, आवाजातील खरखर थांबली. आम्ही संतुष्ट झालो. परंतु एके रात्री वीज गेली आणि दूरध्वनीही मुका झाला. पूर्वी तर अंधारातही तो चालत असे! वृद्ध मातोश्रींना डॉक्टरांसाठी त्याचाच आधार. त्यांनी कारण विचारले, तेव्हा आम्हांस ते शोधणे भाग पडले.

तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येत असे. दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांचा सुमारे ४८ व्होल्टचा दाब घरापर्यंत पोहोचे व साधे यंत्र त्यावरच चाले. काच विजेची वाहक नव्हे. तिच्यातून धावतो तो प्रकाश. तंतूचा गाभा व त्याभोवतालचे काचेचे वेष्टन यांच्या सीमेवर तो पूर्ण परावर्तित होत पुढे जातो. म्हणूनच तंतू फार मुडपू नये. प्रकाश बाहेर निसटतो. नरिंदरसिंग कपानी या आपल्या देशबांधवाने १९५०च्या दशकात लंडनमध्ये अशा तंतूंच्या जुडीतून चित्र पाठविले होते. काच पुरेशी शुद्ध केल्यास संदेश दूरवर जातील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखविले. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक लाभले.

या प्रकाशाचे पुन्हा विद्युत्संदेशांत रूपांतर करणारी पेटी मात्र घरच्या विजेवर चालते. आम्ही तिला बॅटरी जोडली. मातोश्रींनी मुख्य बटण बंद करवून फोन कानाला लावला, आणि मगच आम्हांस जेवावयास वाढले.