हत्तीपायाचा किडा

नांदेड-लातूरकडे हत्तीपाय झालेली माणसं दिसतात. लोक म्हणतात, करणी. आम्ही सांगतो, करणी नव्हे, किडा आहे! गटारातला डास रात्री चावतो, तेव्हा किड्याची पिल्लं अंगात शिरतात. वाढून सुतासारखी होतात, ६ ते ८ वर्षे जगतात.

शरीराचे राखणदार त्यांना मारत का नाहीत? किडा मोठा लबाड. आपल्या पेशींवर एक प्रकारची साखर असते, चहातली नव्हे. तिला चिकटणारे गॅलेक्टिन नावाचे प्रथिन किडा सोडतो. आपल्या अंगातही तसलेच प्रथिन असते, म्हणून राखणदार गाफील राहत असावेत.

गोळ्या वाटणारे दारी आले की पुष्कळजण म्हणतात, "मला कुठं काय झालंय?" अहो, पाय सुजण्याआधी किडा वर्षानुवर्षे गुपचूप असतो. गोळीने रक्तातली पिल्लं मरतात. दगड झालेला पाय मात्र पहिल्यासारखा होत नाही.