सव्वा सेकंदाची दोन वर्षे

प्रत्येक माणसाच्या मनात एक आकडा जपून ठेवलेला असतो. कुणाला मुलीच्या लग्नापर्यंत अमुक रक्कम साठवायची असते, कुणाला निवृत्तीपूर्वी घराचे कर्ज फेडून मोकळे व्हायचे असते. बँकेत उभी हयात गेल्यामुळे असे आकडे मी पुष्कळ पाहिले. पण पैशाशी काडीचा संबंध नसलेलाही एक आकडा असतो, तो धावणाऱ्याचा. तो गाठला म्हणून खात्यात पैही जमा होत नाही आणि नाही गाठला तर कुणी नोटीस पाठवत नाही. तरीही त्यासाठी माणसे वर्षानुवर्षे पहाटे उठतात.

आमच्या रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर सकाळी गेलात तर अशी मंडळी दिसतील. कुणाला न थांबता टोकापर्यंत जाऊन परत यायचे असते, कुणाला तासाभरात दहा किलोमीटर पुरे करायचे असतात. कोकणची हवा धावणाऱ्याला सोपी नाही. घाम वाळत नाही, रस्ते चढउताराचे, आणि जूनपासून पाऊस ठाण मांडून बसतो. यांतले बहुतेकजण कधी कुणाला हरवणार नाहीत. मग हा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर मला अविनाश साबळेच्या वेळांमध्ये सापडते.

अविनाश बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा. घरची परिस्थिती बेताची, शाळा सहा किलोमीटरवर. ते अंतर तो कधी चालत, कधी धावत कापी. बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमधून सियाचीनचा बर्फ आणि राजस्थानचे वाळवंट पाहिले. धावण्याच्या स्पर्धांकडे वळला तो त्यानंतर. त्याने निवडलेली शर्यत स्टीपलचेस, म्हणजे तीन हजार मीटर आणि वाटेत पस्तीस उड्या. त्यांतल्या अठ्ठावीस लाकडी अडथळ्यांवरून आणि सात पाण्यावरून. हा अडथळा पाय लागला तर आडवा होत नाही. आडवा होतो तो धावणारा.

२०१८ साली भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षे जागचा न हललेला आकडा त्या दिवशी हलला. मग तो स्वतःचाच विक्रम मोडत गेला. आता खतावणी पाहू. २०१८ ते ऑगस्ट २०२२ या चार वर्षांत १८.६० सेकंद वाचले आणि वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंदांवर आली. पुढचे १.२९ सेकंद वाचवायला मात्र जवळजवळ दोन वर्षे लागली! ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ०९.९१ सेकंद नोंदवले आणि आठ-दहाची वेस ओलांडली. राष्ट्रीय विक्रम करण्याची ही त्याची दहावी वेळ.

आणि त्या शर्यतीत तो कितवा आला? सहावा. पहिला आलेला धावपटू त्याच्या सात सेकंद पुढे होता.

मला महत्त्वाचे वाटते ते हेच. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्येही त्याने राष्ट्रीय विक्रम केला होता, तरी प्राथमिक फेरीतच बाहेर पडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र तो रौप्यपदक घेऊन आला. ज्या शर्यतीत १९९८ पासून तिन्ही पदके केनियाकडेच जात होती, तिथे सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. पदक इतरांच्या पायांवरही अवलंबून असते. वेळ फक्त आपल्या पायांची. टोकियोत हरलेल्याची आणि बर्मिंगहॅममध्ये जिंकलेल्याची मेहनत एकच होती. फरक होता तो शेजारी कोण धावत होते याचा.

संसारी माणसाला हे लवकर उमगते. सुरुवातीची बचत भराभर वाढते, कारण उधळपट्टी थांबवली की पुरे असते. नंतर एकेक रुपया वाचवायला जिवाचे रान करावे लागते आणि शेजाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही. धावणाऱ्याचेही तसेच. पहिल्या वर्षी घरचे कौतुक करतात. पाचव्या वर्षी ‘अजून तेच का?’ म्हणून विचारतात. माणूस सोडून देतो तो बहुधा इथेच. म्हणून, वाचकहो, तुमच्या घरात कुणी धावत असेल तर ‘कितवा नंबर आला?’ असे विचारू नका. ‘मागच्या वेळेपेक्षा किती?’ असे विचारा. एवढ्या प्रश्नावर त्या माणसाचे पुढचे वर्ष निघते.

अविनाशने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. या शर्यतीत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. त्यात तो अकरावा आला. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्यावरच्या उडीत पडला आणि गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. अशा दुखापतीनंतर पुन्हा चालण्यापासूनच सुरुवात करावी लागते. शिल्लक शून्यावर आल्यासारखे वाटते खरे. पण ८ मिनिटे ०९.९१ ही नोंद त्याच्या नावावर जमा झालेली आहे, आणि ती कुणाला वळती करता येत नाही.