पार्टी कुणाची?

सकाळी ७.३०. एजंटांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चहाच्या आधी उघडायचे नाहीत, असं मी दर पाडव्याला ठरवते. ‘रिक्वायरमेंट : २ बीएचके, कोथरूड, रेडी पझेशन, बजेट ९५, कव्हर्ड पार्किंग मस्ट, डायरेक्ट क्लायंट.’ हीच पार्टी आज दहाला माझ्याकडे येणार आहे. म्हणजे नवरा-बायकोने जुन्या एजंटला अजून काहीच सांगितलेलं नाही, आणि तो बिचारा त्यांच्यासाठी घर हुडकतोय.

१०.००. दोघं आले. तक्रार नेहमीचीच. सांगितलं कोथरूड, दाखवलं भूगाव. त्यात नवल नाही. जुन्या घराच्या व्यवहारात आमचा एकेक टक्का दोन्ही बाजूंच्या मागे लागून वसूल करावा लागतो. नव्या स्कीममध्ये दलाली बिल्डर देतो, त्यामुळे एजंटची स्कूटर आपोआप तिकडे वळते. अशा वेळी एजंट बदलावाच. पण ‘या बजेटमध्ये पार्किंग मिळणार नाही’ असं कुणी खरं सांगितलं म्हणून बदलत असाल, तर मीही तेच सांगणार.

कार्डावरचा महारेराचा नंबर नवऱ्याने निरखून पाहिला. बरं वाटलं, कुणी पाहत नाही. ही नोंदणी लागते ती महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकायला. २०२३ मध्ये तिच्यासाठी परीक्षाही आली. जुन्या सोसायटीतल्या रिसेलला मात्र ती लागत नाही, म्हणून तिथे इस्त्रीवालाही एजंट असतो, आणि कधीकधी आमच्यापेक्षा चांगला.

घर दाखवण्याआधी मी त्यांना कागद दिला : आतापर्यंत पाहिलेले फ्लॅट लिहा. बाईंना सोसायटीची नावं आठवेनात, पण ‘ओट्याखाली वॉशिंग मशीन होतं तो’, ‘बाल्कनीत देवघर केलेला’ असं सगळं चोख आठवत होतं. त्यावरून आठ नावं मीच लावली.

“त्यांचा फोन उचलायचाच बंद केला तर?” नवऱ्याने विचारलं.

“मग तो मला करेल.”

आपल्याकडे घर घेणारा कुणा एजंटशी लेखी बांधलेला सहसा नसतो. पण फ्लॅट ज्याने आधी दाखवला, दलाली त्याची, हे सगळे मानतात. मानत नाहीत तेव्हा टोकन दिल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये भांडणं होतात. मी मेसेज सांगितला, बाईंनी टाइप केला : दादा, यापुढे आम्ही दुसरीकडून बघतोय. तुम्ही दाखवलेल्यापैकी काही ठरलं तर तुमच्यामार्फतच करू.

११.३०. मयूर कॉलनी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर न जाताच परत.

पुढच्या सोसायटीत ओनर म्हणाले, “रीडेव्हलपमेंटचं अजून काहीच नाही हो.” उतरताना मी नोटीस बोर्डापाशी थांबले. सर्वसाधारण सभा, विषय क्रमांक चार : पुनर्विकासासाठी सल्लागाराची नेमणूक. घर वाईट नाही, उलट कुणाला लॉटरी लागेल. पण ज्यांना दिवाळीत गृहप्रवेश करायचाय त्यांनी दोन-चार वर्षं भाड्याच्या घरात कशाला काढायची? हे गाडीत बसण्याआधीच सांगितलं. ओनर आता मला दुसरी किल्ली देणार नाहीत.

२.००. डबा खाता खाता नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू काढत बसले. कॅप्चा तिसऱ्यांदा चुकला. शेजारची घरं खरोखर कितीला गेली हे इथेच कळतं. ओनरचा आकडा हा त्यांच्या मनातला असतो.

५.००. ग्रुपवर डहाणूकर कॉलनीतला एक फ्लॅट ९६ वरून ९२ वर आला. फोटो उघडला, तर बाल्कनीत देवघर. सकाळच्या कागदावर तिसऱ्या नंबरला.

मी जाऊन वॉचमनची वही पाहिली. तारीख, फ्लॅट नंबर, दोघांची नावं, आणि सही एजंटची, ठसठशीत. घर त्यानेच दाखवलं होतं. वहीत नसतं, तरी सकाळच्या कागदावर होतंच.

६.३०. त्यालाच फोन केला.

“मॅडम, पार्टी माझी होती.”

“होती. मेसेज वाचलात ना? घर तुमचंच आहे.”

तो गप्प झाला. मग भाव कमी झाल्याचं त्यानेही पाहिलं होतं, पण रागात कळवलं नव्हतं, हे निघालं. घेणाऱ्यांकडची दलाली निम्मी-निम्मी ठरली. बोलणी मी करायची, सोसायटीचा ना-हरकत दाखला आणि जुने करार त्याने आणायचे, कारण सेक्रेटरी त्याच्या ओळखीचे.

९.००. नवऱ्याचा मेसेज : दोन एजंट म्हणजे दोन टक्के का?

कळवलं, एकच. ९२ हजार, तेही ओनर खाली आले नाहीत तर. खरी वजाबाकी मुद्रांक शुल्काची करा. पुण्यात सात टक्के. घर एकट्या बाईंच्या नावावर घेतलंत तर सहा, म्हणजे ९२ हजारच वाचतात.

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं : आईशी बोलून सांगतो.